फिल कॉलिन्सचा पहिला सोलो अल्बम 'फेस व्हॅल्यू' आणि ती तीन मिनिटं चाळीस सेकंदं

डग्गा_महाल (धागाकर्ता)

बरेच दिवस हा धागा काढीन काढीन म्हणत होतो, आज रविवार आहे, पोरगी क्लासला गेली आहे, म्हणून बसलोच लिहायला. बँडमधल्या माणसानं काढलेला पहिला सोलो अल्बम, या विषयावर इथं कोणी सविस्तर लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. माझ्या मते त्यात सगळ्यात वर 'फेस व्हॅल्यू', फेब्रुवारी १९८१.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी. फिल कॉलिन्स हा जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर, १९७० ला बँडमध्ये आला. १९७५ ला गायक पीटर गॅब्रिएल सोडून गेला, नवीन गायकासाठी बऱ्याच जणांना ऐकून झालं, मनासारखा कोणी भेटला नाही आणि शेवटी मागं ड्रमवर बसलेल्यालाच माईकसमोर उभं केलं. पुढं संसार मोडायला लागला, तो वाचवायला हा बँडमधून सुट्टी घेऊन व्हँकुव्हरला जाऊन राहिला, उपयोग झाला नाही, परत इंग्लंडला आला. तेव्हा बँडमधले बाकीचे दोघं, टोनी बँक्स आणि माइक रदरफोर्ड, आपापल्या सोलो अल्बममध्ये गुंतलेले होते. मग हा घरी एकटा, आठ ट्रॅकचं टेप मशीन, प्रॉफेट-५ सिंथेसायझर, आणि रोलँडचं सीआर-७८ ड्रम मशीन. त्या रिकाम्या घरात जे रेकॉर्ड झालं त्यातूनच हा अल्बम आला, आणि घरच्या टेपवरचं बरंचसं काढून न टाकता स्टुडिओत नेऊन त्याच्यावरच पुढचं वाजवलं आहे.

आता माझं सांगतो. १९९४ चा मे, नवतपा सुरू, नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर. आतेभाऊ दुबईहून आला होता, त्याच्या कॅसेटींत ही एक होती, कव्हरवर नुसता एक चेहरा, काळा-पांढरा, इतका जवळून की कपाळ पण पूर्ण दिसत नाही. दुपारी दोनला आम्ही दोघं कूलरसमोर फरशीवर पडलो होतो आणि टू-इन-वन सेलवर लावला होता कारण लाईनचा भरवसा नव्हता. पहिलं गाणं 'इन द एअर टुनाइट' सुरू झालं आणि थोड्याच वेळात लाईन गेली. कूलर थांबला, पंप थांबला, वाळ्यातून टपकणारं पाणी हळूहळू कमी होत गेलं, आणि त्या शांततेत ते मशीनचं टिक टिक एकदम मोठं वाटायला लागलं. मी तेव्हा सहा वर्षं तबला शिकलेला होतो, मी वाट पाहून राहिलो की आता ठेका येईल, आता येईल. नाहीच येत. सिंथचे लांब लांब सूर, आवाज कुठून तरी दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा, आणि गाणारा माणूस स्वतः ड्रमर आहे हे भावानं आधीच सांगून ठेवलं होतं. मिनिट झालं, दोन झाले, तीन झाले. आणि मग तीन मिनिटं चाळीस सेकंदाच्या आसपास ते ड्रम येतात. ज्यानं ऐकलं आहे त्याला सांगायची गरज नाही. मी उठून बसलो होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या गाण्यात खाली आहे, तबल्यातली खाली, म्हणजे तालाचा जो भाग मुद्दाम रिकामा ठेवतात तो. तीनतालात नवव्या मात्रेपासून धिं च्या जागी तिं येतो, डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं घुमणारं वाद्य, उघडा बोलत नाही, आणि त्या न बोलण्यामुळेच पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, लागते. आमचे गुरुजी म्हणत की खाली वाजवता आली नाही तर सम वाजवून काय फायदा. या माणसानं पावणेचार मिनिटं डग्गा झाकून ठेवला आहे! स्वतः जगातला एक उत्तम ड्रमर, आणि स्वतःच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात, जिथं कोणीही आपली तयारी दाखवेल, तिथं मशीनला वाजवू दिलं आणि आपण हात बांधून उभा राहिला. लोक एकदम येणाऱ्या त्या ड्रमच्या तुकड्याबद्दल बोलतात, मला त्या तुकड्याच्या आधीच्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही कधी ऐकला, काय वाटलं, आणि बाकी गाण्यांबद्दल काय मत, लिहा. फक्त पहिल्या गाण्यावर थांबू नका, बारा गाणी आहेत.

बर्डीवाला

भाऊ, लिहिलं सुंदर पण मी या बाजूचा नाही. मी जेनेसिस ऐकत मोठा झालेला माणूस. १९७२ चं 'सपर्स रेडी' जवळपास तेवीस मिनिटांचं गाणं, ते ज्यानं अंधारात बसून पूर्ण ऐकलं त्याला 'फेस व्हॅल्यू' मध्ये तो बँड हातातून सुटताना दिसतो. अर्थ, विंड अँड फायरचे हॉर्नवाले आणले, 'बिहाइंड द लाइन्स' हे जेनेसिसच्या १९८० च्या 'ड्यूक' वरचं गाणं, तेच परत घेऊन नाचायचं करून टाकलं. काऊन? ते गाणं जसं होतं तसं चांगलं होतं ना. आणि मग जेनेसिसच्या पुढच्याच अल्बममध्ये, 'अबाकॅब' मध्ये, तेच हॉर्न परत. म्हणजे सोलो अल्बमनं बँडच बदलून टाकला.

त्या घराण्यातला पहिला सोलो म्हणशील तर जेनेसिसचा गिटारवाला स्टीव्ह हॅकेट, त्याचा 'व्हॉयेज ऑफ द अकोलाइट', १९७५. त्यात ड्रम कॉलिन्सचेच आहेत आणि एक गाणं पण त्यानं गायलं आहे, ते ऐकून बघ, तिथला कॉलिन्स मला जास्त जवळचा वाटतो.

साउंडचेक_प्रतापनगर

मी साउंडचं काम करतो, लग्नं, ऑर्केस्ट्रा, गणपतीचे कार्यक्रम, म्हणून त्या ड्रमच्या आवाजाचं सांगतो कारण बरेच लोक त्याला नुसता इको म्हणून सोडून देतात.

तो आवाज जिथून आला ती गोष्ट 'फेस व्हॅल्यू' च्या थोडी आधीची आहे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम चालू होता, तो १९८० ला आला. ड्रमवर कॉलिन्स, इंजिनियर ह्यू पॅजम. तिथल्या एसएसएल कन्सोलला, म्हणजे मिक्सिंगच्या टेबलाला, एक टॉकबॅक माईक होता, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या खोलीत लटकवलेला, ते आतून काय बोलतात हे कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं म्हणून. कोणी लांबून हळू बोललं तरी ऐकू यावं म्हणून त्याच्यावर फार कडक कॉम्प्रेसर, म्हणजे हळू आणि मोठा आवाज दाबून सारखा करणारं यंत्र. कॉलिन्स वाजवत असताना पॅजमकडून ते बटण दाबलं गेलं आणि कंट्रोल रूममध्ये अचाट आवाज आला, सगळी खोलीच वाजून राहिली असा. ते रेकॉर्डच होत नव्हतं, कारण तो माईक रेकॉर्डिंगसाठी नव्हताच, म्हणून वायरिंग बदलून घेतलं. त्याच्यावर नॉइज गेट लावलं. गेट म्हणजे दरवाजाच, आवाज ठराविक पातळीच्या खाली आला की धाडकन बंद. म्हणजे खोली मोठी ऐकू येते पण तिची आस, म्हणजे मागं रेंगाळणारा आवाज, पूर्ण होऊ देत नाहीत, मध्येच कापतात. त्यामुळे ठोका मोठा पण त्याच्यामागं लगेच शांतता. गॅब्रिएलनं त्या अल्बममध्ये झांजा म्हणजे सिंबल वाजवायचेच नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून ही युक्ती तिथं जमली, कारण सिंबलचा लांब झणझणाट गेटमध्ये फार विचित्र कापला जातो.

मी स्वतः हे करून पाहिलं आहे. आपल्याकडच्या मंगल कार्यालयांत टाइल्सची फरशी, पत्र्याचं किंवा स्लॅबचं छत, ढोल वाजला की आवाज चार वेळा फिरून येतो. एका कार्यक्रमाच्या आधी दुपारी हॉल रिकामा होता, मी एक माईक ढोलापासून दहा बारा फुटांवर उंच लावला, जोरात कॉम्प्रेस केला आणि गेट लावलं. ढोलवाला पोरगा वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला दादा हा माझाच ढोल आहे का. मी ते रेकॉर्डिंग अजून ठेवलं आहे.

आणि कॉलिन्सच्या सेटमधले टॉम ड्रम हे कॉन्सर्ट टॉम, म्हणजे खालून चामडं नाही, एकाच बाजूनं मढवलेले. तो डावखुरा पण आहे, व्हिडिओत ड्रमची मांडणी उलटी दिसते ती त्यामुळे.

तर्रीपोहा_९९

एक विचारू का. मला कॉलेजमध्ये सीनियरनं सांगितलं होतं की 'इन द एअर टुनाइट' हे खऱ्या घटनेवर आहे, कोणी तरी बुडत होतं, दुसरा माणूस काठावर उभा राहून पाहत होता, कॉलिन्सनं ते पाहिलं आणि मग त्या माणसाला कॉन्सर्टला बोलावून सगळ्यांसमोर त्याच्यावर लाईट टाकला. हे खरं आहे का? मी तर अंबाझरी तलावावर बसून हे गाणं ऐकत होतो तेव्हा तेच डोळ्यासमोर येत होतं.

मी या गाण्यापर्यंत २०२० मध्ये पोचलो, ते दोन जुळे भाऊ पहिल्यांदा ऐकतात आणि ड्रम आल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात तो व्हिडिओ. लॉकडाऊन होतं, मी तो किती वेळा पाहिला असेल.

डग्गा_महाल

@तर्रीपोहा_९९, नाही रे, ती दंतकथा. कॉलिन्सनं स्वतः कितीदा तरी सांगितलं आहे की असं काही घडलं नाही. बरेचसे शब्द माईकसमोर उभा असताना तोंडातून आले ते तसेच राहिले. राग होता, घर मोडत होतं, एवढंच. बुडणाऱ्याची गोष्ट लोकांनी शब्द ऐकून नंतर तयार केली. मला त्याच्यापेक्षा हे जास्त मोठं वाटतं की माणसाला स्वतःला पण ठाऊक नव्हतं तो काय म्हणून राहिला आहे.

@साउंडचेक, भाऊ किती छान समजावलं, ते रेकॉर्डिंग ऐकायचं आहे. आस कापतात हे तुम्ही म्हटलं ते मला तबल्यावर लगेच कळलं, डग्ग्यावर घुमारा काढून लगेच मनगट टेकवलं की तसंच होतं. यात अजून एक भर घालतो. हे गाणं वेगळं सिंगल म्हणून काढायच्या वेळी अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या अहमत एर्टेगुननं ऐकलं आणि विचारलं की बीट कुठं आहे, पोरांना कळणार कसं. म्हणून सिंगलमध्ये सुरुवातीपासून जास्तीचे ड्रम टाकले आहेत. अल्बमवर नाहीत. नवीन ऐकणाऱ्यांनी कृपा करून अल्बमवरचंच ऐका, सिंगलमध्ये ती खाली भरून टाकली आहे. ते सिंगल इंग्लंडमध्ये दोन नंबरपर्यंत गेलं, वर जॉन लेननचं 'वुमन' होतं, लेननला जाऊन दोन महिने पण झाले नव्हते. अल्बम मात्र एक नंबरला गेला.

@बर्डीवाला, 'बिहाइंड द लाइन्स' बद्दल मी भांडणार नाही, मला पण 'ड्यूक' वरचंच आवडतं. पण हॉर्न आणले म्हणून बँड सुटला हे नाही पटत. 'आय मिस्ड अगेन' नीट ऐका, गाण्याचा विषय हा की परत एकदा हुकलं, आणि हॉर्न असे वाजून राहिले की वरात चालली आहे. दुःख असताना घरात पाहुणे आले की आपण कसं उगाच मोठ्यानं बोलतो, तसं आहे ते.

षड्ज

मी व्हायोलिन शिकते, हिंदुस्थानी पद्धतीनं. या धाग्यात अजून कोणी एल. शंकरचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते आहे.

या अल्बमवर व्हायोलिनला शंकर आहेत, तेच जे जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकीरभाई आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये होते. 'द रूफ इज लीकिंग' हे पियानो आणि बँजोवरचं साधं गाणं, गरीब कुटुंब, थंडी, गळकं छप्पर, ते संपता संपता 'ड्रोन्ड' मध्ये शिरतं आणि तिथं तंबोरा लागतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेजारच्या काकूंकडे रियाज सुरू झाला. तिथून पुढं शब्दच नाहीत, सरळ 'हँड इन हँड' मध्ये जातं, त्यात लहान मुलं नुसती सूर धरून गातात. गळक्या छपरापासून मुलांच्या आवाजापर्यंत तिन्ही एकापाठोपाठ ऐकायला पाहिजेत, मध्ये थांबवू नका, शफलवर तर अजिबात नको.

आणि शेवटचं गाणं बीटल्सचं १९६६ चं 'टुमॉरो नेव्हर नोज'. त्या मूळ गाण्याचा पायाच तंबोऱ्यासारखा एक धरलेला सूर आहे. म्हणजे रागानं सुरू झालेला अल्बम षड्जावर येऊन बसतो. अगदी शेवटी, आवाज वाढवला तरच ऐकू येतं, तो 'ओव्हर द रेनबो' ची ओळ स्वतःशीच म्हणतो. दादा, तुम्ही खालीबद्दल लिहिलं ते फार आवडलं, पण मला वाटतं या अल्बमची सम पहिल्या गाण्यात नाही, ती इथं आहे.

अंबाझरी_सकाळ

मी इथं सहसा वाचतेच फक्त. पण या अल्बमबद्दल मला बोलायचं आहे.

माझा घटस्फोट झाला त्या वर्षी मी हा अल्बम रोज ऐकत होते. तारखेच्या दिवशी रिक्षात बसले की 'इफ लीव्हिंग मी इज ईझी' लावायचं, एरिक क्लॅप्टनची गिटार आहे त्यात, पण इतकी मागं, इतकी कमी, की कोणीतरी खोलीच्या दारात उभं राहून आत यावं की नाही असा विचार करतंय असं वाटतं. तो वरच्या पट्टीत जातो तेव्हा आवाज पातळ होतो, त्यानं तो लपवला नाही. मला त्या वर्षी लोकांनी फार सांगितलं की खंबीर राहा. हा एकच माणूस होता जो खंबीर नव्हता आणि तरी पूर्ण गाणं म्हणत होता.

पण मी जाऊन आलेली बाजू दुसरी आहे. घर सोडून निघाले ती मी होते. म्हणून या अल्बमकडे बघताना मला नेहमी वाटतं की यात एकाच माणसाचं म्हणणं आहे. तो टॉप ऑफ द पॉप्स या टीव्ही कार्यक्रमात 'इन द एअर टुनाइट' म्हणायला बसला तेव्हा बाजूला रंगाचा डबा ठेवला होता, आणि तो बायकोला टोमणा आहे असं धरून लोकांनी त्यावरून त्याच्या बायकोबद्दल काय काय बोलून घेतलं. ती बिचारी काही अल्बम काढणार नव्हती. आपल्याकडे पण असंच असतं, जो चांगला बोलतो त्याची गोष्ट खरी ठरते. मला अल्बम प्रिय आहे, आणि हे पण म्हणायचं आहे, दोन्ही.

डग्गा_महाल

ताई, तुमचं वाचून मी लगेच उत्तर दिलं नाही, काल रात्री परत अल्बम लावला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी तीस वर्षं हा अल्बम एका मोडलेल्या माणसाचा म्हणून ऐकत आलो आणि दुसऱ्या माणसाचा विचार कधी मनात आला नाही. रंगाच्या डब्याबद्दल कॉलिन्स नंतर म्हणाला की त्याच्या मनात तसं काही नव्हतं, पण तुम्ही म्हणता तो मुद्दा त्यानं जात नाही.

अल्बमच्या कव्हरवर माझं एक प्रेम आहे ते सांगतो. आतली सगळी माहिती, गाण्यांची नावं, कोणी काय वाजवलं, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. छापील अक्षर नाहीच. आमच्या गुरुजींची तबल्याच्या कायद्यांची, म्हणजे बोलांच्या रचनांची, वही होती तशी. आणि २०१६ ला हा अल्बम परत काढला तेव्हा त्यानं कव्हरवरचा फोटो पण परत काढला, तसाच जवळून, तसाच काळा-पांढरा, पस्तीस वर्षांनी. दोन्ही कव्हर शेजारी ठेवून पाहा एकदा.

बर्डीवाला

मी काल षड्ज ताईंनी सांगितलं तसं 'द रूफ इज लीकिंग' पासून 'हँड इन हँड' पर्यंत एका बैठकीत ऐकलं, हेडफोन लावून, गच्चीवर. खरं सांगतो, मी हा अल्बम आधी कधी नीट ऐकलाच नव्हता, कॉलेजमध्ये एकानं हॉर्नवाली दोन गाणी ऐकवली आणि मी ठरवून टाकलं होतं. हे तिन्ही जेनेसिसमध्ये आले असते तर मी त्यांची पूजा केली असती. हॅकेटबद्दल माझं मत बदललं नाही, पण यावरचं बदललं.

एक अजून. कॉलिन्सच्या पाठीच्या त्रासामुळे त्याचे हात गेले, काड्या धरवत नाहीत. २०१७ पासूनच्या त्याच्या सोलो दौऱ्यात तो खुर्चीवर बसून गायचा आणि ड्रमवर त्याचा मुलगा निक, तेव्हा सोळा वर्षांचा. २०२२ च्या मार्चमध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा कार्यक्रम झाला तेव्हा पण निकच होता. सोलो दौऱ्यातलं 'इन द एअर टुनाइट' पाहा. बाप पुढं गातो, आणि तुम्ही म्हणता ती खाली संपायची वाट पोरगा मागं बसून पाहतो. मला ते पाहवलं नाही पूर्ण, परत पाहीन.

साउंडचेक_प्रतापनगर

माझ्याकडे टर्नटेबल आहे आणि दोन जुने स्पीकर आहेत जे मी स्वतः दुरुस्त केले. 'फेस व्हॅल्यू' ची एलपी एका मित्राकडून मिळेल. पुढच्या रविवारी संध्याकाळी ज्यांना यायचं त्यांनी यावं, पत्ता मेसेजमध्ये देतो. मे आहे, सहाच्या आधी निघू नका, ऊन लागेल. कूलर आहे, पण ऐकताना बंद ठेवू, पंपाचा आवाज येतो.

षड्ज

मी येते. पहिली बाजू पूर्ण झाल्याशिवाय कोणी बोलायचं नाही असं ठरवा ना.

अंबाझरी_सकाळ

येईन. बहिणीला पण आणते.

बर्डीवाला

'व्हॉयेज ऑफ द अकोलाइट' घेऊन येतो, वेळ उरला तर लावू.

डग्गा_महाल

मी तबला आणि डग्गा दोन्ही आणतो, गेट लावून रेकॉर्ड करून पाहू. पोरगी पण येते म्हणते. तिनं पहिलं गाणं अजून ऐकलेलं नाही, मी मुद्दाम लावलं नाही घरात, कोणी तिला आधी काही सांगू नका.